मोनोपॉली कंटाळवाणी नाही, आपले घरगुती नियम तिला कंटाळवाणी करतात : हे मत कितपत टिकतं?

पटावरचा (धागाकर्ता)

बोर्डगेम मनापासून खेळणाऱ्यांत एक मत आता पक्कं झालं आहे : मोनोपॉली, आणि तिच्याच घाटाचा आपला व्यापार, हे टाकाऊ खेळ. चार-चार तास चालतात, सगळं दानावर अवलंबून, आणि एकदा कुणी पुढे गेलं की बाकीच्यांनी नुसत्या नोटा मोजत बसायचं.

माझं मत उलटं आहे. ज्या खेळाला नावं ठेवली जातात तो पेटीतल्या छापील नियमांचा खेळ नाहीच. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला तो वेगळाच खेळ आहे. चार फरक तर जवळपास प्रत्येक घरात सापडतात. एक, जागा घ्यायची नसेल तर 'जाऊ दे' म्हणून पुढच्याला फासे. दोन, कर आणि दंड पटाच्या मध्यभागी साठवायचे आणि फ्री पार्किंग या कोपऱ्यावर येईल त्याला द्यायचे. तीन, 'गो'वर, म्हणजे सुरुवातीच्या कोपऱ्यावर, बरोबर थांबलं तर दुप्पट पैसे. चार, तुरुंगातल्या खेळाडूला भाडं नाही. छापील नियमांत यातलं काहीही नाही.

आता अमेरिकन पटाचे आकडे घ्या. विकत घेता येणाऱ्या जागा २८ : २२ रस्ते, ४ रेल्वे, २ वीज-पाणी. या सगळ्यांची छापील किंमत मिळून ५,६९० डॉलर. चार जण खेळले तर प्रत्येकी १,५०० प्रमाणे टेबलावर ६,००० डॉलर. म्हणजे सगळी जमीन छापील भावाने विकली गेली तर चौघांत मिळून ३१० डॉलर उरतात आणि घरं बांधायला जवळजवळ काहीच राहत नाही. खेळ मुद्दाम इतका कडकीचा ठेवला आहे. वरून पैसे ओतले की त्याचा कणाच मोडतो.

विचारायचं ते असं : हे म्हणणं कितपत बरोबर आहे? चारांपैकी सगळ्यांत जास्त नुकसान कोणता नियम करतो? आणि सगळे छापील नियम पाळूनही जे दोष उरतात ते नेमके कोणते?

---

बोली_लावा

म्हणणं बरोबर आहे, आणि सगळ्यांत मोठं नुकसान लिलाव गाळल्याने होतं. बाकीचे तीन त्याच्या मागे.

छापील नियम असा : रिकाम्या जागेवर आलेल्याने छापील किमतीला ती घेतली नाही तर बँक लगेच लिलाव पुकारते. बोली कुणीही लावू शकतं, नको म्हणणारा स्वतःसुद्धा. खालची मर्यादा नाही, २०० ची जागा ४० लाही जाऊ शकते. म्हणजे रिकाम्या जागेवर सोंगटी पडली की ती जागा त्याच क्षणी कुणाची तरी होते.

वेळेवर याचा काय परिणाम होतो तो ढोबळ हिशेबाने पाहू. दोन फाशांचं सरासरी दान ७, पट ४० जागांचा, म्हणजे एका फेरीला साधारण पावणेसहा दानं. चार खेळाडूंची एक फेरी म्हणजे २३ दानं. प्रत्येक वेळी जागा विकली गेलीच तर तीन फेऱ्यांनंतर २८ पैकी चार-पाच जागा उरतात. लिलाव नसेल आणि निम्म्या वेळा 'नको' म्हटलं गेलं तर तेवढ्याच वेळात बाराएक जागा मोकळ्या राहतात. त्या बारा मोकळ्या जागांमुळे बहुतेक संच (एकाच रंगाच्या दोन-तीन जागा) तुटके राहतात. संच पुरा नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून भाडं दहा-वीस डॉलर, आणि दर फेरीला 'गो'चे २०० मिळताहेतच. असा डाव संपणार कसा?

लिलावाचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे, कारण तिथे डोकं लागतं. समोरच्याकडे ९० डॉलर उरले आहेत आणि त्याला हवी असलेली १८० ची जागा तुमच्या सोंगटीखाली आली. तुमच्याकडे ३०० आहेत. छापील किमतीला घ्यायची गरजच नाही. 'नको' म्हणा आणि लिलावात ९१ ला उचला. फक्त इतर दोघांच्या हातातली रोकड आधी नजरेखालून घाला. नोटा लपवून ठेवायच्या नाहीत, पटाच्या कडेला रकमेनुसार मांडून ठेवायच्या, असा दंडक घातला तरच हे जमतं.

नवख्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे लिलाव सावकाश, नंबर लावून घेणं. आळीपाळीने बोली नको. सगळ्यांनी एकदमच बोलावं, बँक सांभाळणाऱ्याने तीन म्हणेपर्यंत. वीस सेकंदांत लिलाव उरकला पाहिजे.

फ्री पार्किंगबद्दल थोडक्यात. चौघांच्या दोन फेऱ्यांत मिळून ४६ दानं पडतात, म्हणजे त्या कोपऱ्यावर सरासरी एकदा कुणीतरी थांबतं. तेवढ्यात आयकराचे २०० आणि चैनीच्या वस्तूंवरच्या कराचे १०० धरले तर साडेतीनशेच्या आसपास साठतात, वर पत्त्यांवरचे दंड. हे पैसे छापील नियमात बँकेत जाऊन खेळाबाहेर पडतात. पैसा बाहेर जायच्या वाटा मुळात मोजक्या आहेत, त्यातली एक आपण बुजवतो आणि दिवाळं निघायच्या बेतात असलेल्याला लॉटरी लावून देतो.

---

उलट_पान

लिलावाबद्दल पूर्ण सहमत. पण धाग्याच्या मुख्य दाव्याशी नाही. नियम शंभर टक्के पाळले तरी तीन दोष जसेच्या तसे राहतात, आणि ते रचनेतले आहेत.

पहिला, बाद होणं. चौघांतला एक पाऊण तासाने बाद झाला आणि खेळ आणखी तासभर चालला तर त्याने काय करायचं? १९९५ साली आलेल्या क्लाउस टॉयबरच्या कॅटान या वस्त्या वसवायच्या खेळात १० गुण होईपर्यंत चौघंही पटावर असतात.

दुसरा, निकाल लागल्यावरचा शेपटासारखा लांबलेला भाग. एकाकडे दोन संच, त्यांवर तीन-तीन घरं, आणि बाकीच्यांकडे सुट्या जागा. निकाल सगळ्यांना कळलेला असतो, तरी गहाण टाक, घर अर्ध्या किमतीत बँकेला परत दे, पुन्हा गहाण टाक, असं अर्धा-पाऊण तास चालतं. बुद्धिबळात अशा वेळी राजीनामा देतात. इथे तोही देता येत नाही, कारण दिवाळं निघालेल्याची मालमत्ता, ज्याचं देणं राहिलं त्याला जाते आणि तिसऱ्याचं नुकसान होतं.

तिसरा सगळ्यांत गंभीर आणि त्यावर बोललं सगळ्यांत कमी जातं : सौदे. नुसत्या दानांवर एखाद्याकडे आपोआप पूर्ण संच येणं चार जणांत दुर्मीळ असतं. कुणीतरी अदलाबदल केलीच पाहिजे. आणि मोठी माणसं अदलाबदल करत नाहीत. 'मी दिलं तर तुझा संच पुरा होईल' म्हणून जो तो आपला पत्ता धरून बसतो. चौघं अडून बसले की छापील नियमांत त्यावर कोणताही उपाय नाही. लिलाव झाले, सगळं विकलं गेलं, आणि तरी डाव अडकलेलाच.

---

तिसरं_घर

उलट_पान यांचा तिसरा मुद्दा खरा आहे. पण माणसं सौदा करत नाहीत त्याचं कारण त्यांना किंमत काढता येत नाही, हे आहे. किंमत काढता आली की सौदे होतात.

सुरुवात भाड्याच्या पायऱ्यांपासून. नारिंगी गटातली सेंट जेम्स प्लेस घ्या. रिकाम्या जागेचं भाडं १४, एक घर ७०, दोन २००, तीन ५५०, चार ७५०, हॉटेल ९५०. उडी कुठे आहे पाहा : दुसऱ्यावरून तिसऱ्या घराला साडेतीनशेने वाढ, आणि घर १०० चंच. त्यानंतर प्रत्येक पायरीला फक्त २००. सगळ्या रस्त्यांचा नमुना कमी-अधिक असाच आहे. त्यामुळे लक्ष्य एकच ठेवायचं, तिन्ही जागांवर तीन-तीन घरं. त्याच्या आत थांबणं म्हणजे पैसे अडकवणं.

नारिंगीच का? तुरुंग ही पटावरची सगळ्यांत वर्दळीची जागा आहे. तिथे पाठवणाऱ्या वाटा चार : 'तुरुंगात जा' हा कोपरा, चान्सचा एक पत्ता, कम्युनिटी चेस्टचा एक पत्ता (या दोन नावांच्या जागांवर आलं की गठ्ठ्यातला पत्ता उचलायचा असतो), आणि ओळीने तीन जोड्या, म्हणजे दोन्ही फाशांवर सारखाच आकडा, पडणं. नारिंगी जागा तुरुंगाच्या पुढे सहाव्या, आठव्या आणि नवव्या आहेत. दोन फाशांवर ६ पडायच्या ३६ पैकी ५ शक्यता, ८ च्या ५, ९ च्या ४. म्हणजे तुरुंगातून सुटणारा पहिल्याच दानात ३६ पैकी १४ वेळा तुमच्या दारात येतो.

याउलट सगळ्यांची लाडकी निळी जोडी, पार्क प्लेस आणि बोर्डवॉक. पार्क प्लेस 'तुरुंगात जा' या कोपऱ्याच्या पुढे बरोबर सातवी जागा, म्हणजे सगळ्यांत जास्त पडणाऱ्या दानावर. पण त्या कोपऱ्यावरून पुढे कुणी निघतच नाही, तिथे पोचलेला उचलून तुरुंगात टाकला जातो. बोर्डवॉकवर नेणारा चान्सचा एक पत्ता आहे, त्याने थोडी भरपाई होते. खर्च बघा : निळ्या जोडीची किंमत ७५०, दोन्हींवर तीन-तीन घरं म्हणजे २०० ची सहा, १,२००. एकूण १,९५०, आणि सापळे दोनच. नारिंगीचे ५६० अधिक १०० ची नऊ घरं, एकूण १,४६०, आणि सापळे तीन, तेही रहदारीच्या रस्त्यावर. हिरवा गट तर आणखी महाग : ९२० च्या जागा आणि २०० ची नऊ घरं, २,७२०. हिरव्यावर तीन घरं चढवेपर्यंत बहुतेक डाव संपलेला असतो.

आता सौदा. समजा अजयकडे दोन नारिंगी आणि एक फिकट निळी, विजयकडे दोन फिकट निळ्या आणि एक नारिंगी. दोघांनी एकेक बदलली तर दोघांचेही संच पुरे. वरवर पाहता नारिंगी भारी, म्हणून अजयने वर पैसे द्यावेत असं वाटतं. पण रोकड बघा. अजयकडे ३००, विजयकडे ५००. सौद्यानंतर अजय ३०० मध्ये तिन्ही जागांवर एकेक घर बांधतो, भाडं ७०-८०. विजयच्या फिकट निळ्यावर घर ५० ला पडतं, तो ४५० मध्ये नऊ घरं बांधतो आणि लगेच २७०, २७०, ३०० भाडं घेऊ लागतो. हा सौदा विजयच्या फायद्याचा आहे. म्हणून मागणी अजयनेच करायची : एक पत्ता अधिक १५० रोख. मग अजयकडे ४५०, त्यात चार घरं. विजयकडे ३५०, त्यात सात. अजून एक रेल्वे मागून घेतली तर ती गहाण टाकून १०० मिळतात आणि पाचवं घर येतं. आता दोघांनाही खेळात राहता येईल असा तोल जमतो. सौद्यात पत्त्याची छापील किंमत बघायची नसते. 'सौद्यानंतरच्या दोन पाळ्यांत कोण किती घरं बांधू शकतो' एवढंच बघायचं.

घरांच्या तुटवड्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, पण खरी खेळी तिथेच आहे. पेटीत घरं ३२ आणि हॉटेलं १२, आणि संपली की संपली. कागदाचे तुकडे, बटणं असं काही घर म्हणून चालत नाही. समजा तुमच्याकडे नारिंगी आणि फिकट निळा असे दोन संच आहेत. सहाही जागांवर चार-चार घरं ठेवा आणि हॉटेल बांधूच नका. २४ घरं तुमच्याकडे अडकली, बँकेत उरली ८. तीन जागांच्या संचावर तीन-तीन घरं करायला ९ लागतात. म्हणजे बाकी सगळ्यांनी मिळून एकच संच बांधायचा म्हटला तरी तो नीट पुरा होत नाही. नारिंगीवर हॉटेल केल्याने तुमचं भाडं जागेमागे दोनशेनेच वाढतं, पण बारा घरं बँकेत परत जातात आणि शत्रूच्या हाती लागतात. शेवटची दोन-तीन घरं एकाहून जास्त जणांना हवी असतील तर त्यांचाही लिलाव होतो, हेही छापील नियमांत आहे.

ज्याच्याकडे आधीच हॉटेल आहे त्याला आणखी मोठा फटका बसतो. पैशांची गरज पडून हॉटेल मोडायचं झालं आणि बँकेत घरं नसली तर त्याला चार घरांवर उतरता येत नाही, पार तळापर्यंत विकावं लागतं, तेही अर्ध्या भावाने.

---

पटावरचा

तुटवड्याचा हिशेब मुद्द्याचा. ३२ घरांची मर्यादा पाळली की निम्मा खेळ बदलतो, हे माझ्या यादीत पाचवं असायला हवं होतं.

आणखी एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो : मोनोपॉली मुद्दामच त्रासदायक बनवली आहे, जमीनदारी किती वाईट हे दाखवायला. त्यामुळे ती कंटाळवाणी वाटली तर खेळ यशस्वी झाला. यावर काय मत?

---

जुनी_पेटी

इतिहास खरा, निष्कर्ष चुकीचा.

एलिझाबेथ मॅगी यांना त्यांच्या 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट जानेवारी १९०४ मध्ये मिळालं. अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांच्या जमिनीवरच्या एकमेव कराच्या विचाराचा प्रचार हा त्यांचा उद्देश होता. पुढे हा खेळ हाताने रंगवलेल्या पटांवर, घराघरांतून आणि महाविद्यालयांतून पसरला. चार्ल्स डॅरोने त्यातलीच अटलांटिक सिटीच्या रस्त्यांची आवृत्ती आपली म्हणून १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सला विकली. कंपनीने मॅगींचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं. त्यांना त्याहून फारसं काही मिळालं नाही, आणि कित्येक दशकं पेटीवर नाव डॅरोचंच राहिलं. या खेळाबद्दल बोलताना मॅगींचं नाव पहिलं यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण मॅगींनी नियमांचे दोन संच मांडले होते. एकात मक्तेदार सगळ्यांना चिरडतो, दुसऱ्यात जमिनीचं भाडं सार्वजनिक तिजोरीत जातं आणि सगळ्यांची भरभराट होते. धडा दोन्ही खेळून, तुलनेतून मिळणार होता. आपल्या हातात आली ती अर्धीच जोडी. तिचा कंटाळा हा मॅगींच्या रचनेचा हेतू ठरवणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. शिवाय चिरडलं जाणं वेगळं आणि कंटाळणं वेगळं. छापील नियमांची मोनोपॉली खेळाडूला चिरडते, आणि तेही लवकर. कंटाळा येतो तो फ्री पार्किंगच्या लॉटरीने चिरडणं लांबवत ठेवल्यामुळे.

लिलाव गाळायची सवयही नवी नाही. आधीच्या लोकपरंपरेत जागा लिलावानेच जात. अटलांटिक सिटीच्या क्वेकर पंथाच्या खेळाडूंना तो आरडाओरडा नको होता म्हणून त्यांनी ठरावीक किमती लिहिल्या, असं सांगतात. छापील खेळात मग दोन्ही राहिले : किंमतही आणि नको असेल तर लिलावही. दुसरा भाग वाचायचा राहून गेला.

---

पेठेतला_व्यापारी

आपल्याकडच्या व्यापारच्या पेट्यांबद्दल लिहितो, कारण वरचे आकडे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पट, किमती, जागांची संख्या उत्पादकागणिक बदलते आणि नियमांचं पान बहुधा एवढंसं असतं. तेव्हा आकडे स्वतः काढावे लागतात.

सुरुवातीची रक्कम अशी ठरवा : शहरं, रेल्वे वगैरे विकाऊ असलेल्या सगळ्या पत्त्यांच्या किमतींची बेरीज करा, चाराने भागा, आणि त्यात पाच-सहा टक्के मिळवा. पटावरचा यांनी दिलेल्या आकड्यांचं प्रमाण तेच आहे, ५,६९० ला ६,०००. पेटीतल्या सगळ्या नोटा समान वाटून टाकायच्या नाहीत. ही चूक सर्रास होते, आणि मग प्रत्येकाकडे इतका पैसा असतो की भाडं किती हे कुणी विचारतही नाही. खेळाडू तीन असले तरी चारने भागलेलीच रक्कम द्या, डाव आणखी कडक होईल. सहा असले तर पैसा सैल पडतो. अमेरिकन पटावरही सहा जणांचे ९,००० होतात. म्हणून सहापेक्षा चारच बरे.

'तुरुंगानंतरचा गट घ्या' हा सल्ला आंधळेपणाने लावू नका. आधी मोजा की तुरुंगात पाठवणाऱ्या वाटा किती आहेत. ज्या पटांत चान्स आणि युनो (तिकडच्या कम्युनिटी चेस्टसारखी जागा) यांचे पत्ते नसून दानाच्या बेरजेवरून तक्ता बघायचा असतो, तिथे सोंगटी हलवणारे पत्ते कमी किंवा अजिबात नसतात. मग तुरुंगाची वर्दळ घटते आणि जागा बऱ्याच समान होतात. तिथे निकष एकच : खर्चाला तीन घरांचं भाडं किती पटीत मिळतं. प्रत्येक गटाची बेरीज करून पत्त्याच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. मुंबई सगळ्यांत महाग म्हणून सगळ्यांत चांगली, हा समज या एका भागाकाराने निकालात निघतो.

घरं हरवलेली असतात, ती मोजून ३२ करा. कमी असली तर रंगीत मणी चालतील, पण आकडा डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा, मध्ये वाढवू नका.

तुरुंगाचं एक राहिलं. छापील नियमांत तुरुंगातला माणूस भाडं घेतो, बोली लावतो, घरं बांधतो, सौदे करतो. म्हणून पहिल्या फेऱ्यांत ५० भरून ताबडतोब बाहेर या, कारण जागा विकल्या जाताहेत. नंतर, समोरच्यांची तीन-तीन घरं उभी राहिली की, आत बसून जोडीसाठी फासे टाकत राहा. तीन पाळ्या फासे टाकून पाहता येतात, तिसऱ्यालाही जोडी पडली नाही तर ५० भरून निघावंच लागतं. 'तुरुंगात भाडं नाही' हा घरगुती नियम या निर्णयातला सगळा रस काढून टाकतो.

---

उलट_पान

तिसरं_घर यांचा अजय-विजयचा हिशेब वाचून सौद्यांबद्दलचा माझा आक्षेप निम्मा मागे घेतो. कोंडी फुटू शकते, पण टेबलावरच्या चौघांनाही हा हिशेब येत असेल तरच. एकाला येत असेल आणि तिघांना नसेल तर तो तिघांनाही फसवून मोकळा होईल, आणि ते पुढच्या वेळी सौदा करणार नाहीत.

बाद होण्याचा आक्षेप मात्र कायम आहे. 'कॅटानमध्येही तीन गुणांवर अडकलेला खेळाडू नावापुरताच असतो' असं उत्तर मिळतं, म्हणून आधीच लिहितो. अडकतो हे खरं. सुरुवातीच्या दोन वस्त्या वाईट जागी पडल्या, चोर येऊन बसला, आणि ७ पडल्यावर हातात सातपेक्षा जास्त पत्ते असल्याने निम्मे टाकावे लागले की वर यायला फार वेळ लागतो. तरी प्रत्येकाच्या दानावर त्याला काही मिळू शकतं आणि त्याच्याकडची वीट कुणाला तरी हवी असते. तो बोलणीत असतो. बाद झालेला बोलणीतही नसतो.

ज्यांना मोनोपॉलीतला व्यापारच आवडतो त्यांनी सिड सॅक्सनचा अक्वायर जरूर पाहावा. १०८ फरशा, हॉटेलांच्या सात साखळ्या, प्रत्येकीचे २५ शेअर, सुरुवातीला प्रत्येकी ६,०००. फरशी ठेवली की साखळ्या वाढतात, एकमेकींना भिडल्या की मोठी छोटीला गिळते आणि छोटीच्या बड्या भागधारकांना बोनस मिळतो. ११ फरशांची साखळी सुरक्षित, ४१ झाल्या की डाव संपवता येतो. म्हणजे शेवट पटावर दिसत असतो आणि कुणीही बाद होत नाही. फक्त लिलाव हवा असेल तर श्टेफान डोराचा 'फॉर सेल' : ३० घरांचे पत्ते, ३० चेक, आधी घरं बोलीने घ्यायची, मग तीच चेकसाठी लावायची. वीस मिनिटांत आटोपतो, तीन ते सहा जणांना पुरतो. लिलावात किती ताणायचं हे शिकवायला याहून चांगला खेळ नाही, आणि तिथून परत मोनोपॉलीकडे आलात तर बोली नक्की सुधारलेली दिसेल.

---

बोली_लावा

बाद होण्यावर उपाय पेटीतच आहे, फक्त तो नियमांच्या शेवटी असतो म्हणून वाचला जात नाही. लहान डावाचे नियम. सुरुवातीला जागांचे काही पत्ते पिसून वाटून टाकायचे, हॉटेल चारऐवजी तीन घरांनंतर, आणि दुसरं दिवाळं निघालं की डाव बंद. मग उरलेल्यांनी रोकड, जागा आणि घरं मोजायची, गहाण जागा अर्ध्या किमतीने. पहिला बाद झालेला फार वेळ ताटकळत नाही आणि उलट_पान यांनी सांगितलेलं लांबलेलं शेपूटही कापलं जातं.

तोटाही सांगतो. तीन घरांनंतर हॉटेल केलं की घरांचा तुटवडा ही खेळी जवळजवळ नाहीशी होते, कारण घरं भराभर बँकेत परतत राहतात. तिसरं_घर यांना हे पटणार नाही.

---

तिसरं_घर

पटत नाही, बरोबर. म्हणून फक्त शेवट घ्या, हॉटेलचा बदल सोडून द्या. चार घरांनंतरच हॉटेल, ३२ घरं, प्रत्येक नको असलेल्या जागेचा लिलाव, फ्री पार्किंग म्हणजे रिकामा कोपरा, आणि दुसऱ्या दिवाळ्याला मोजणी. पत्ते आधी वाटायचे की नाही ते खेळाडूंच्या सरावावर ठेवा. चौघांनाही लिलाव जमत असेल तर वाटू नका, कारण वाटलेली प्रत्येक जागा म्हणजे हुकलेली एक बोली.

आणि बँक सांभाळायला शक्यतो न खेळणारा पाचवा माणूस घ्या. खेळणाराच बँक बघत असेल तर सुटे देता-घेता त्याची स्वतःची पाळी लांबते, आणि लिलाव पुकारणाराच बोली लावणारा असला की 'तीन' कधी म्हणायचं यावरून वाद होतात.